'एक वर्ष फॉलो-अप मोफत': बेरिऍट्रिक पॅकेजमधल्या शेवटच्या ओळीचं परीक्षण

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कुठेही वजन कमी करण्याच्या (बेरिऍट्रिक) शस्त्रक्रियेची चौकशी केली की हातात एक गुळगुळीत फोल्डर येतं. ऑपरेशन, दोन-तीन दिवसांची खोली, जठर कापून शिवणारा स्टेपलर, भूलतज्ज्ञांची फी, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'एक वर्ष फॉलो-अप मोफत'. माणसं स्टेपलर कोणत्या कंपनीचा ते विचारतात, हप्त्यांची सोय आहे का विचारतात, आणि ही शेवटची ओळ वाचून पान उलटतात. हे परीक्षण फक्त त्या ओळीचं आहे. कोणा एका रुग्णालयाचं नाही; ही सेवा साधारण कशी दिली जाते, त्यातलं काय कामाचं, काय नुसतं दिखाऊ, आणि काय स्वतःच सांभाळावं लागतं त्याचं.

मत आधीच सांगून टाकतो. गोळ्या घेणं, प्रथिनं मोजणं, तंबाखू सोडणं, दरवर्षी रक्त तपासून घेणं ही कामं रुग्णाची. ती त्याच्याऐवजी कोणी करू शकत नाही. पण कोणती गोळी, किती, कशापासून किती तास लांब, आणि रात्री अकराला उलटी थांबेना तर फोन कोणाला, हे नेमकं सांगणं केंद्राचं काम. ते न सांगता दोन वर्षांनी वजन वाढल्यावर 'तुम्ही पथ्य पाळलं नाहीत' एवढंच ऐकवणाऱ्या केंद्राचा फॉलो-अप मोफत असला तरी महाग आहे.

एक वर्ष का पुरत नाही

पहिल्या वर्षी जवळपास सगळ्यांचंच वजन उतरतं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढून टाकलेला असतो. बायपासमध्ये वरती जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळलेला असतो. खाणं मावत नाही, भूक मंदावते, काटा खाली येत राहतो. सगळ्यात कमी वजन साधारण एक ते दोन वर्षांच्या दरम्यान येतं आणि तिथून थोडं वर चढतं. म्हणजे पॅकेज संपतं नेमकं तेव्हा, जेव्हा खरी गरज सुरू होते.

जीवनसत्त्वांचा हिशेबही तसाच उशिराचा. बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो पुष्कळदा काही वर्षं पुरतो. त्यामुळे गोळ्या सोडलेला माणूस वर्षभर ठणठणीत असतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तळपायाला मुंग्या येऊ लागतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत ऑपरेशनच्या आधीच बी-१२ काठावर असतं, म्हणून ही वेळ लवकरही येते. हाडं आणखी मुकाट्याने झिजतात: कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून रक्तातली पातळी राखतं, त्यामुळे 'कॅल्शियम नॉर्मल' असा रिपोर्ट दिलासा देतो आणि पीटीएच, म्हणजे हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारं संप्रेरक, मात्र चढलेलं असतं.

ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेची शिफारस अशी आहे की किमान दोन वर्षं शस्त्रक्रिया केंद्राने पाहावं आणि त्यानंतर आयुष्यभर वर्षातून एकदा तरी फॅमिली डॉक्टरांच्या साथीने तपासणी व्हावी. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर या साखळीत बहुतेकदा नसतोच. त्यांना ऑपरेशन झाल्याचं कळतं ते पेशंट खोकला घेऊन आल्यावर. म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा: दुसऱ्या वर्षाच्या भेटीची फी किती, आणि ती वेळ आली की आठवणीचा फोन तुम्ही करणार की आम्हीच लक्षात ठेवायचं? ज्यांच्याकडे याचं उत्तर तयार असतं त्यांच्याकडे यंत्रणा आहे. 'अहो, कधीही या की' हे प्रेमाचं उत्तर आहे, यंत्रणेचं नाही.

डिस्चार्जचा कागद: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा

पॅकेजमधली कोणती एक वस्तू नीट पाहायची असेल तर घरी जाताना मिळणारा कागद पाहा. चांगल्या कागदावर ऑपरेशनचं पूर्ण नाव असतं. 'लॅप बेरिऍट्रिक सर्जरी' एवढंच लिहिणं पुरेसं नाही. स्लीव्ह, रू-एन-वाय (दोन जोडांचा) बायपास की मिनी (एकाच जोडाचा) बायपास, हे हवं. बायपास असेल तर आतड्याचा किती सेंटिमीटर भाग वगळला. मिनी बायपासमध्ये हा आकडा साधारण १५० ते २०० असतो, आणि पाच वर्षांनी दुसऱ्या गावात अशक्तपणाचं कारण शोधणाऱ्या डॉक्टरला तोच आकडा लागतो.

त्यानंतर जुन्या औषधांचं काय करायचं. इथे बरेच कागद कमी पडतात. मधुमेह असलेल्यांची साखर वजन उतरण्याची वाट पाहत नाही, पहिल्या काही दिवसांतच घसरते, कारण खाणं एकदम कमी झालेलं असतं आणि आतड्यातली संप्रेरकं बदललेली असतात. अशा वेळी आधीची ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिनचा आधीचा डोस तसाच चालू राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर पाणी आधीच कमी पोटात जात असताना चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. 'आधीची औषधं चालू ठेवा' असं एका ओळीत लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबून प्रत्येक गोळीचं नाव घेऊन विचारावं. हळूहळू विरघळणाऱ्या, म्हणजे एसआर किंवा एक्सआर प्रकारच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कुटून घेऊ नयेत. साध्या प्रकारात बदलून मागाव्यात.

आम्लपित्ताची गोळी काही महिने, पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ऍसिड साधारण सहा महिने, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. वेदनाशामकाबद्दल मात्र 'पेनकिलर टाळा' एवढंच असतं आणि तेवढ्याने भागत नाही. पॅरासिटॅमॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ऍसिक्लोफिनॅक बायपासनंतर नकोत, कारण जोडाच्या जागी व्रण होतो आणि तो रक्तस्राव करतो किंवा फुटतो. स्लीव्हनंतरही स्वतःच्या मनाने नकोत. गुडघेदुखीसाठी दुकानातून सहज मिळणाऱ्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटॅमॉलच्या जोडीला यातलंच एखादं नाव असतं. म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची, 'प्लस' असेल तर पुढचं नाव काय ते बघायचं. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांनीही हाच व्रण होतो. मशेरीला कोणी व्यसन म्हणत नाही, पण तीही तंबाखूच. आजीच्या वयाच्या पेशंटला हे स्पष्ट शब्दांत विचारणारं केंद्र खरंच काळजी करतं असं समजावं.

धोक्याच्या खुणा ठळक अक्षरांत हव्यात: झोपलेलं असतानाही नाडी १२०च्या वर, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप. याचा अर्थ टाक्यांच्या रेषेतून गळती असू शकते, आणि स्लीव्हमध्ये ती घरी गेल्यानंतर, दुसऱ्या आठवड्यातही दिसू शकते. गावातला डॉक्टर अशा वेळी ऍसिडिटीचं इंजेक्शन देऊन दोन दिवस थांबायला सांगतो, आणि ते दोन दिवस फार महाग पडतात. ताज्या ऑपरेशननंतर नाकातून नळी आंधळेपणाने घालायची नाही, हेही कागदावर लिहिलेलं असावं. कारण ती घालणाऱ्याला आत काय शिवलंय हे ठाऊक नसतं.

आता उलट्यांबद्दल. एखादा घास अडकून झालेली उलटी वेगळी. दोन-तीन दिवस काहीच पोटात ठरत नसेल तर धोका नुसता पाणी कमी होण्याचा नाही, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) संपण्याचाही आहे. बी-१चा शरीरातला साठा अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा. पेशंट जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो, तिथे 'अशक्तपणा आहे' म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. उरलंसुरलं तेही संपतं, आणि डोळ्यांना एकाची दोन दिसणं, चालताना झोकांड्या, भ्रम अशी लक्षणं सुरू होतात. वेळेत ओळखलं नाही तर स्मृतीवर कायमचा परिणाम राहतो. उपाय साधा आणि स्वस्त आहे: ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन, आणि लक्षणं असतील तर मोठ्या डोसमध्ये शिरेतून. 'उलट्या होत असल्यास ग्लुकोजपूर्वी थायमिन द्यावे' हे वाक्य ज्या डिस्चार्ज कार्डवर छापलेलं आहे, त्या केंद्राला या परीक्षणात सगळ्यात जास्त गुण.

आहारतज्ज्ञ: कागद की माणूस?

पॅकेजमधली ही सेवा चांगली असेल तर सोन्याची असते आणि वाईट असेल तर झेरॉक्सची. वाईट ठिकाणी एक छापील तक्ता मिळतो: ओट्स, ब्रोकोली, ऍव्होकाडो, ग्रिल्ड फिश. चांगल्या ठिकाणी आहारतज्ज्ञ आधी विचारतात की घरी स्वयंपाक कोण करतं, डबा किती वाजता उघडता, उपवास कोणते.

टप्पे सगळीकडे साधारण सारखेच: सुरुवातीचे दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग दोन आठवडे मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी घरचं जेवण. घोळ पातळाच्या टप्प्यात होतो. घरातली माणसं प्रेमाने तांदळाची पेज, नारळपाणी, मोसंबीचा रस देतात. या तिन्हींत प्रथिनं जवळजवळ नाहीत. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. ती कमी पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं, आणि तिसऱ्या महिन्यापासून केस मुठीने हातात येतात. हे केस परत येतात, पण प्रथिनं, लोह आणि जस्त भरून निघाल्यावर. नुसत्या बायोटिनच्या गोळ्या घेऊन नाही. शिवाय मोठ्या डोसचं बायोटिन थायरॉइडसारख्या काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकवतं.

६० ग्रॅम म्हणजे ताटात काय, हे जो आहारतज्ज्ञ वाटी-चमच्याच्या मापात सांगत नाही त्याने काहीच सांगितलेलं नाही. शाकाहारी घराचं एक उदाहरण, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यानंतरचं: सकाळी मूगडाळीचं धिरडं, ४० ग्रॅम कोरडी डाळ, साधारण ९ ग्रॅम प्रथिनं. मधल्या वेळी १०० ग्रॅम चक्का, साखर न घालता, ८ ग्रॅमच्या आसपास. दुपारी ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, ७ ग्रॅम. संध्याकाळी व्हे प्रोटीनचा (दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचा) एक स्कूप, २४ ग्रॅम. रात्री ७५ ग्रॅम पनीर, १४ ग्रॅम. झाले ६२. यात पोळी-भात कुठेच धरलेला नाही, कारण आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तरच पोळी-भाताचे दोन घास, हा क्रम आहे. मांसाहारी घरात एक अंडं ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम मासा १८-२० ग्रॅम एवढं लक्षात ठेवलं तरी गणित सुटतं.

जेवणाचा वेग हा पूर्णपणे रुग्णाचा भाग. एका वेळी अर्धी ते पाऊण वाटी, २० ते ३० मिनिटं, लहान चमचा, घास पार बारीक होईपर्यंत चावून. कोरडा भात, पाव आणि नरम पोळी चिकट गोळा होऊन अडकतात. भाकरी कुस्करून वरणात भिजवली तर उतरते. पाणी जेवणाबरोबर नाही, जेवल्यावर अर्ध्या तासाने, घोट घोट करत दिवसभरात किमान दीड लिटर. जेवताना पाणी प्यायलं की एकतर आधीच छोटी असलेली जागा त्यातच भरते, नाहीतर अन्न लवकर पुढे सरकून तासाभरात पुन्हा खावंसं वाटतं.

उसाचा रस, बासुंदी, जिलबी यांच्याबद्दल 'गोड टाळा' म्हणण्यापेक्षा कारण सांगितलेलं जास्त लक्षात राहतं. बायपासनंतर साखर थेट आतड्यात उतरते: १५ ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब. याला 'डम्पिंग' म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी उलटा त्रास होतो, इन्सुलिन जास्त सुटून साखर खाली जाते, हात कापतात. मग माणूस घाबरून मूठभर साखर खातो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. त्या क्षणी थोडंसं ग्लुकोज घ्यावं, पण पाठोपाठ प्रथिनं असलेलं काहीतरी खावं. आणि हे वारंवार होत असेल तर केंद्राला कळवावं.

उपवासाचं काय, हा प्रश्न आषाढीला विचारण्यात अर्थ नाही, आधीच विचारून ठेवावा. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यासारखीच. दूध, दही, पनीर, राजगिरा आणि दुधात कालवलेलं व्हे यांवर उपवास निभतो. निर्जळी मात्र पहिल्या वर्षी नकोच. पंगतीतला आग्रह ही वेगळी परीक्षा आहे, आणि तिथे यजमानाला कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं बरं. चांगले आहारतज्ज्ञ म्हणूनच एका भेटीला घरात वाढणाऱ्या माणसालाही बोलावतात.

गोळ्यांची पिशवी

पॅकेजबरोबर पहिल्या महिन्याच्या गोळ्या मिळतात, त्या संपल्या की रुग्ण जवळच्या मेडिकलमध्ये जाऊन 'मल्टिव्हिटॅमिन द्या' म्हणतो. त्याला जी बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल मिळते तिच्यात बऱ्याचदा लोह नसतं, तांबं नसतं, आणि बी-१२ अगदी थोडं असतं. शस्त्रक्रियेनंतरची गरज वेगळी: बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, थायमिन किमान १२ मिग्रॅ, फॉलिक ऍसिड ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम, लोह पुरुषांना स्लीव्हनंतर १८ मिग्रॅ, पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि बायपासवाल्यांना ४५ ते ६०, जीवनसत्त्व डी३ साधारण रोज ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅमच्या (प्रति मिली) वर येईपर्यंत. आपल्याकडे मिळणारी ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी डॉक्टर ठराविक आठवड्यांसाठी देतात. ती स्वतःच्या मनाने वर्षभर ओढत न्यायची नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक कॅल्शियमच्या पाकिटावर होते, आणि ती कायद्यात बसणारी असते. पुढे ठळक '१०००' लिहिलेलं दिसतं. मागे बघितलं तर ते १००० मिग्रॅ कॅल्शियम सायट्रेट असतं आणि त्यातलं प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे २१० मिग्रॅ. गरज आहे दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ प्रत्यक्ष कॅल्शियमची, खाण्यातलं धरून. म्हणजे 'हजारची एक गोळी' घेणारा माणूस मुळात फारच कमी घेतोय. कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के असतं, गोळ्या कमी लागतात, पण त्याला जठरातलं आम्ल हवं, म्हणून ते जेवणाबरोबरच घ्यायचं. आणि आम्लच कमी झालेल्या पोटात सायट्रेट जास्त भरवशाचं. एका वेळी ५००-६०० मिग्रॅच्या वर शोषलं जात नाही, तेव्हा विभागून घ्यायचं.

लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास. लोहाच्या आगेमागे चहा नाही. थायरॉइडची गोळी या दोन्हींपासून चार तास लांब. हे सगळं एका दिवसात बसवायचं म्हणजे असं: पहाटे थायरॉइड, दहाला कॅल्शियम, दुपारी जेवणानंतर तासाभराने लोह लिंबूपाण्याबरोबर, साडेपाचला कॅल्शियम, रात्री मल्टिव्हिटॅमिन. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असेल तर तेही कॅल्शियमबरोबर घेऊ नये. जस्त स्वतंत्रपणे मोठ्या डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर तांबं कमी पडतं आणि रक्त कमी होतं, चालणं बिघडतं. म्हणून केस गळतात म्हणून जस्ताचा मारा करू नये.

व्हे घेताना डब्यावर 'एका स्कूपमध्ये किती ग्रॅम प्रथिनं' ते पाहा, आणि स्कूप किती ग्रॅमचा तेही. ३० ग्रॅमच्या आसपासच्या स्कूपमध्ये २४-२५ ग्रॅम हवीत. मेडिकलमध्ये 'प्रोटीन पावडर' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डब्यांत प्रथिनं एक तृतीयांशच असतात, बाकी साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन. रोज एक स्कूप धरला तर किलोचा डबा महिनाभर पुरतो. केंद्र स्वतःच्याच नावाचा डबा घ्या म्हणून आग्रह करत असेल तर हाच हिशेब त्यालाही लावा. आकडे जुळले तर घ्यायला हरकत नाही, पण सक्ती नसावी.

व्हॉट्सऍप ग्रुप आणि महिन्याची बैठक

नियमित बैठकांना येणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं असं अभ्यासांत दिसतं. बैठकीमुळे उतरतं की मनाने तयार असलेलेच बैठकीला येतात, हे सांगणं अवघड. तरीही आमचं मत बैठकीच्या बाजूने आहे, कारण तिथे अशी गोष्ट कळते जी डॉक्टर सांगत नाही: लग्नात काय सांगायचं, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काय मागायचं, लोंबणाऱ्या कातडीचं पावसाळ्यात काय करायचं.

ग्रुपचं तसं नाही. ग्रुप कोण चालवतं यावर सगळं ठरतं. आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक रोज लक्ष घालत असतील, औषधांचे डोस ग्रुपवर सांगायचे नाहीत असा नियम असेल, कोणाचं किती किलो उतरलं याची शर्यत लागत नसेल, तर तो ग्रुप कामाचा. 'आधी-नंतर'चे फोटो, सुप्रभात आणि पावडरींची विक्री एवढंच असेल तर आवाज बंद करून ठेवावा. सगळ्यात घातक वाक्य म्हणजे 'मी वर्षभर गोळ्या घेतल्या नाहीत, मला काही झालं नाही'. वर सांगितलेला बी-१२चा साठा आठवा; त्या वाक्याचा खरा अर्थ 'अजून झालं नाही' एवढाच.

समुपदेशक पॅकेजमध्ये असतो तो बहुतेकदा ऑपरेशनच्या आधी, एका सहीपुरता. गरज नंतर असते. जेवण हा आधार असलेल्या माणसाचा आधार एका दिवसात काढून घेतलेला असतो. बायपासनंतर दारू झपाट्याने चढते आणि जास्त वेळ टिकते. आधी न पिणाऱ्यांतही दुसऱ्या वर्षापासून दारूचा प्रश्न उभा राहिल्याचं आढळतं. निराशा आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांचाही धोका काही जणांत वाढतो, म्हणून घरच्यांनी 'आता तर बारीक झालास, आता कसलं दुःख' असं म्हणू नये. केंद्राकडे कोणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

वजन परत चढू लागलं की

केंद्राची खरी परीक्षा इथे. तळाच्या वजनावरून थोडे किलो परत येणं अपेक्षित आहे आणि ते पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. त्याहून जास्त चढत असेल तर चांगलं केंद्र आधी कारण शोधतं: आठवड्याची खाण्याची वही, थायरॉइड, झोप, नव्याने सुरू झालेली स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधं, दारू, मग गरज पडल्यास एंडोस्कोपी किंवा बेरियमचा एक्स-रे. फरसाण, चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम या गोष्टी अरुंद जागेतूनही सहज घसरत जातात आणि पोट भरल्याचं कळूच देत नाहीत. चमच्या-चमच्याने दिवसभर खाल्लेला चिवडा वहीत लिहिल्याशिवाय दिसत नाही. हा भाग रुग्णाचा. पण भूक वाढवणारी संप्रेरकं परत जोर धरतात, शरीर कमी उष्मांकांत भागवायला शिकतं, हा भाग रुग्णाच्या हातात नाही, आणि त्यासाठी त्याला अपराधी ठरवणं वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं २०२५पासून भारतात वजनासाठी मिळू लागल्यावर मधला एक पर्याय आला आहे. पहिल्याच भेटीत 'रिव्हिजन करू', म्हणजे पुन्हा ऑपरेशन करू, म्हणणाऱ्याकडून दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

बायपासनंतर वर्षांनीही जेवल्यावर येऊन-जाऊन पोटात तीव्र कळ येत असेल तर ती ऍसिडिटी समजू नये. आतड्याची गुंडाळी आतल्या फटीत अडकू शकते, सीटी स्कॅन कधी कधी स्वच्छ येतो, आणि तरीही दुर्बिणीतून बघावं लागतं. हे बेरिऍट्रिक सर्जनलाच दाखवायचं.

मूल हवं असणाऱ्यांसाठी

पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्यांची पाळी वजन उतरताच नियमित होते आणि अनपेक्षित दिवस राहतात. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये. गरोदरपणात आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासतात. बायपासनंतर त्याने डम्पिंगचा जोरदार त्रास होऊ शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच सांगितलं तर काही दिवस घरी ग्लुकोमीटरने साखर मोजून काम होतं.

बिलं, विमा आणि बाहेरगावचे पेशंट

आरोग्य विम्यात हे ऑपरेशन बसण्यासाठी आयआरडीएआय या विमा नियामकाच्या ठरलेल्या अटी आहेत: वय १८ किंवा अधिक, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा अधिक, अथवा ३५ आणि जोडीला आटोक्यात नसलेला मधुमेह, तीव्र स्लीप ऍप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार यांसारखा आजार, आणि आधी साधे उपाय करून झालेले. फॉलो-अपच्या भेटी बहुतेक पॉलिसीत येत नाहीत. पण रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे ६०, ९० किंवा काही पॉलिसींत १८० दिवसांचे खर्च मिळतात. म्हणून तीन महिन्यांची रक्त तपासणी त्या मुदतीच्या आत करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बिल जपावं. पॅकेजमध्ये 'तपासण्या समाविष्ट' असं असेल तर नावं मागा: हिमोग्लोबिनसह रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फॉलेट, जीवनसत्त्व डी, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, यकृत आणि मूत्रपिंड. फेरिटिन आणि पीटीएच वगळलेला पॅनेल स्वस्त पडतो, आणि लोहाची व कॅल्शियमची उणीव सगळ्यात आधी त्याच दोघांत दिसते. वेळापत्रक तीन, सहा, बारा महिने आणि पुढे दरवर्षी.

लातूर, रत्नागिरी किंवा पणजीहून मोठ्या शहरात येऊन ऑपरेशन करणाऱ्यांनी व्हिडिओवर आहारतज्ज्ञ आणि गावात रक्त तपासणी ही सोय मान्य करावी, पण सर्जनची पहिली आणि तीन महिन्यांची भेट प्रत्यक्षच ठेवावी. दुबईहून किंवा अमेरिकेतून सुट्टीत येऊन ऑपरेशन करून परतणाऱ्यांनी पंधरा दिवसांत विमानात बसण्याआधी सर्जनला रक्ताच्या गुठळीच्या धोक्याबद्दल विचारावं, आणि तिथल्या डॉक्टरसाठी ऑपरेशनच्या नोंदींची प्रत इंग्रजीत घ्यावी. गावातल्या डॉक्टरलाही हीच प्रत द्यायची: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, किती आतडं वगळलं, कोणत्या वेदनाशामक गोळ्या वर्ज्य, ग्लुकोजआधी थायमिन, आणि सर्जनचा रात्रीही उचलला जाणारा नंबर. त्या कागदाचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये असावा आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही, कारण गरज पडेल तेव्हा आपला मोबाइल उघडण्याच्या स्थितीत आपण असूच असं नाही.